उसना पंप

पोळा आठ दिवसांवर आला होता, आणि दीपमालाच्या वावरात पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान वेडंवाकडं उगवलं.

सकाळी ती विहिरीकडच्या पहिल्या तासात, म्हणजे झाडांच्या पहिल्या ओळीत, विळा घेऊन बसली होती. रात्री झिमझिम होऊन गेलेली, पानापानांवर पाणी, साडी गुडघ्यापर्यंत ओली. गवत बुडाशी कापायचं आणि तिथंच झाडाच्या पायाशी अंथरायचं, असं तिचं काम चाललं होतं. हात कामात होता, नजर सहज वर गेली. शेंड्याचं कोवळं पान तळहातासारखं पसरट असायला हवं. हे अरुंद झालं होतं, त्याला लांबलांब बोटं फुटली होती आणि शिरा दोऱ्यासारख्या वर आल्या होत्या. तिनं शेजारचं झाड पाहिलं, तेही तसंच. ती उठून तास धरून चालत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही झाड सरळ नव्हतं.

 विळा हातातच राहिला.

"काय पाहून राह्यली वं?" मागून हंसाबाई बोलली. हंसाबाई निंदणाला, तण काढायला, येणारी, साठीला आलेली, जिभेची तिखट आणि हाताची चलाख. तिनं एक पान तोडलं, उलटंपालटं केलं आणि हसत सुटली. "माय वं! तुह्या पऱ्हाटीची तं भेंडी झाली! आता पोळ्याले गावभर भाजी वाट."

"तुमी असं कधी पाह्यलं का, मावशी?"

"म्या नाई पाह्यलं बाप्पा. पण कचऱ्यात लावलेली पऱ्हाटी बी म्या तुह्यापहिले कधी पाह्यली नाई."

गावाला या वावराचं भारी कौतुक होतं, म्हणजे टिंगल करण्यापुरतं. तीन वर्षं इथे नांगर गेला नव्हता, वखर गेला नव्हता. एकदाच गादीवाफे पाडले ते पाडले. मागच्या साली पऱ्हाटी निघाली तेव्हा तिनं झाडं बुडाशी कापली, मुळं जमिनीतच ठेवली आणि काड्या वाफ्यांवर आडव्या घातल्या. सारं गाव पऱ्हाट्या पेटवत होतं तेव्हा ही बाई बैलबंडीनं दुसऱ्याचा पालापाचोळा आणून आपल्या वावरात टाकत होती. दोन तासांच्या मधे चवळी, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, ताग. येणारेजाणारे विचारत, शेती करून राह्यली का उकिरडा? पहिल्या वर्षी तिला रडू यायचं. दुसऱ्या वर्षी मोठा पाऊस पडला, सगळ्यांच्या वावरांतलं गढूळ पाणी नाल्यात धावलं आणि हिच्या वावरातलं जागच्या जागी मुरलं. या वर्षी तर पाचोळा बाजूला सारून नुसता हात घातला तरी मनगटापर्यंत जात होता, आणि मुठीत दोन-तीन गांडुळं यायची. त्या मातीचा वास तिला फार आवडायचा. हे ती कुणाला सांगत नसे, कारण लोकांनी त्याचीही चेष्टा केली असती.

पण हा खटाटोप तिनं हौसेनं केला नव्हता. भीतीनं केला होता.

चार वर्षांपूर्वी मारोती, तिचा नवरा, याच वावरात आठ दिवस सलग फवारणी करत होता. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, हवा कोंदट, औषध जहाल, तोंडाला नुसता रुमाल. आठव्या दिवशी दुपारी चार वाजता तो घरी आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "दिवा काहून नाई लावला वं? कित्ती अंधार हाय." बाहेर लख्ख ऊन पडलेलं. दीपमालाच्या हातातली परात तिथेच पडली.

यवतमाळच्या दवाखान्यात अकरा दिवस त्याला दिसलं नाही. ती खाटेशी बसून त्याच्या तोंडापुढे बोटं धरायची. "किती बोटं, सांगा." तो म्हणायचा, "तीन." बोटं कधी एक असत, कधी चार. तो अंदाजानं सांगत होता, तिला बरं वाटावं म्हणून सांगत होता. हे तिला पाचव्या दिवशी कळलं आणि ती वऱ्हांड्यात जाऊन ओकली. बाराव्या दिवशी नजर परतली, पण पुरती नाही. उजेडात भागतं, सांज झाली की अडखळतो, आणि जड काम केलं की हात कापतात. डॉक्टर जाताना म्हणाले, पुन्हा असं झालं तर सांगता येणार नाही. काय सांगता येणार नाही, हे विचारायची तिची छाती झाली नाही.

घरी आल्यावर तिनं औषधाच्या सगळ्या बाटल्या गोळा करून दुकानात परत नेऊन दिल्या आणि ठरवलं, या घरात विष येणार नाही. मग विषाशिवाय पऱ्हाटी कशी जगवायची ते शिकावं लागलं. एका शेतीशाळेत गेली, वहीत लिहून आणलं, चुकत चुकत केलं. माती जिवंत झाली ती नंतर. पहिल्यांदा फक्त मारोती जिवंत राहायला हवा होता.

तो आता धुऱ्यावर बसून विळ्यांना धार लावत होता. तिनं पान त्याच्या हातात दिलं. त्यानं ते डोळ्यांजवळ नेलं, मग बोटांनी चाचपलं.

"कुकडा आला असंन," तो म्हणाला.

"कुकड्यात पान गोळा होते. हे लांब झालं."

"मंग काय हाय?"

"मले काय ठावं," ती म्हणाली. तो पान चाचपतच राहिला.

पहिल्या दिवशी सहा तास बिघडलेले होते, दुसऱ्या दिवशी बारा झाले. तिसऱ्या दिवशी अठरा. पुढच्या तासांत पान कमी बिघडलेलं होतं, पण बिघडलेलं होतंच. ती सकाळ-संध्याकाळ जाऊन मोजायची. वणवा जसा धुरा धुरा पुढे सरकतो तसं ते विहिरीकडून नाल्याकडे चाललंय, असं तिला दिसत होतं. दशपर्णी, दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, तर मागच्याच गुरुवारी फवारली होती, तिचाही काही उपयोग झालेला नव्हता.

मंगळवारी मारोतीचा थोरला भाऊ नीळकंठ शेजारच्या वावरातून धुऱ्यावर आला. दीपमालानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पाठ फिरवून निंदत राहिली. भासऱ्यासमोर बोलायचं नाही, ही त्या घराची रीत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, लेक वैष्णवी राळेगावला कॉलेजात जायला लागली, गावातल्या नव्या सुना सासऱ्याला मोबाईल शिकवतात, पण या घरात रीत तशीच होती. भासऱ्याला काही सांगायचं तर जावेला सांगायचं. जाऊ जवळ नसली तर भिंतीला सांगायचं आणि त्यानं ऐकायचं.

नीळकंठानं पऱ्हाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कचरा सडवला का रोग येतेच," तो मारोतीला म्हणाला. आवाजात रोजचा जोर नव्हता. "सारं वावर जाईन, पाह्य. मंग माह्याकडं बी येईन."

"काय करू मंग?"

"तू मोठा झाला, तूच पाह्य." आणि तो चालता झाला. सल्ला देण्यात ज्याला कधी कोणी हरवलं नाही, तो माणूस सल्ला न देता गेला, हे दीपमालाला चमत्कारिक वाटलं. पण तेव्हा भीतीच इतकी होती की त्यावर विचार झाला नाही.

बुधवारी मारोती राळेगावला गेला. चष्म्याचं काम आहे म्हणाला. दुपारच्या एसटीनं आला तेव्हा चष्मा तोच होता.

गुरुवारी सकाळी ती कोठीमागून टोपलं काढायला गेली, तर पोत्याखाली कापडात गुंडाळलेली बाटली हाताला लागली. कापड न सोडताच तिला कळलं. तो वास अंगणातून आला असता तरी कळला असता. ती तिथेच जमिनीवर बसली.

मारोती ओट्यावर चहा पीत होता. तिनं बाटली त्याच्यापुढे ठेवली.  

"एकच फवारा," तो म्हणाला. तिच्याकडे न पाहता म्हणाला. "दुकानदार म्हणे, यानं थांबते. एकच डाव. तोंडाले बांधून मारतो."

"तेव्हा बी बांधलंच होतं."

"तवा आठ दिवस मारलं. आता एक दिवसाचं काम हाय."

"अवो, डॉक्टर काय म्हणे? सांगा. काय म्हणे डॉक्टर?"

"मले ठावं हाय." त्यानं कप खाली ठेवला. तो कपाचा कान दोन बोटांत धरून फिरवत राहिला. "तीन सालापासून तू गवत कापून राह्यली. तू पाचोळा वाहून राह्यली. म्या काय करतो? विळ्याले धार लावतो! हंसाबाई हसते, म्या बी तिच्यासंगं हसतो. आता वावर बी चाललं. मंग म्या हाव कायले?"

"तुमी हा म्हणून वावर हाय."

"असं बोलू नोको." त्याचा आवाज फाटला. "असं बोललं का मले अजून लाज वाट्टे."

ती रडली नाही. रडली असती तर त्यानं ऐकलं असतं कदाचित. तिनं एवढंच म्हटलं, चार दिवस थांबा, पोळा झाला की मी स्वतः माणूस लावून फवारून घेते. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. बाटली तिनं शेणाच्या गोवऱ्यांत लपवली.

शुक्रवारी ती उजाडताच वावरात गेली. पाऊस नव्हता, ढग खाली आलेले. विहिरीपासून मोजत निघाली. रोग आज कुठवर आला असेल? अठरा, एकोणीस, वीस. पान किंचित अरुंद. तेवीस, चोवीस. पंचविसाव्या तासाशी ती थांबली. पान चांगलं होतं. सव्विसावं चांगलं. पार नाल्यापर्यंत सगळं चांगलं, तळहाताएवढं, हिरवंगार. काल संध्याकाळीही ते इथवरच होतं, रात्रीतून काही पुढे सरकलं नव्हतं.

ती परत मागे आली, चोविसाव्या आणि पंचविसाव्या तासाच्या मधे उभी राहिली. इकडचं झाड बिघडलेलं, तिकडचं ठणठणीत, आणि मधे जेमतेम हातभर जागा. पायाशी धुऱ्यावर तुराटीची एक काडी रोवलेली होती.

ती काडी तिनंच रोवली होती. मागच्या गुरुवारी दशपर्णी फवारताना एक पंप संपला की ती धुऱ्यावर काडी रोवायची, म्हणजे किती पंप झाले ते विसरत नाही. एका पंपात सहा तास व्हायचे. दहा पंप, दहा काड्या.

ती धावतच मागे गेली. अठराव्या तासाशी काडी. बाराव्याशी काडी. सहाव्याशी काडी. पहिल्या काडीपर्यंत पानाच्या नुसत्या चिंध्या. दुसरीपर्यंत त्याहून कमी. तिसरीपर्यंत आणखी कमी. चौथीनंतर काही नाही. रोग कुठून कुठे चालला नव्हता. जिथं तिच्या हातून जेवढं पडलं, तेवढंच तिथं उगवलं होतं.

तिच्या डोळ्यांपुढे नीळकंठाचा गोठा आला. घरच्या पंपाची बॅटरी बसली होती म्हणून ती जावेकडे, चंदाबाईकडे, पंप मागायला गेली होती. नीळकंठ ओट्यावर बसलेला. तिनं पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून जावेला म्हटलं, "बाई, आजच्या दिवस पंप पायजे होता." चंदाबाईनं निळा पंप गोठ्यातून आणून दिला. बुडाशी पेलाभर पाणी हिंदकळत होतं. ते तिनं ओतलं नाही की पंप धुतला नाही. तीन वर्षं तिच्या पंपात गोमूत्र, कडुनिंब, ताक यांखेरीज काही गेलं नव्हतं. पंप धुवायचा असतो, ही सवयच तिच्या हाताची गेली होती. आणि दशपर्णीच्या वासापुढे दुसरा कसला वास लागणार?

आदल्या दिवशी नीळकंठानं धुऱ्यावरचं गवत औषधानं मारलं होतं. ते पिवळं पडलेलं गवत ती रोज येताजाता पाहत होती. गवत मारायचं औषध पऱ्हाटीला थेंबभरही चालत नाही, हे शेतीशाळेच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

म्हणजे हे तिनं केलं होतं. ज्या बाईनं घरातून विष काढलं, तिनंच ते पाठीवर वाहून आणून वावरावर शिंपडलं होतं.

क्षणभर तिला वाटलं, कोणाला सांगू नये. काड्या उपटाव्यात आणि नाल्यात टाकाव्यात. कचऱ्याचा रोग म्हणोत लोक, गावाचं हसणं अंगवळणी पडलंय, पण हे हसणं सोसणार नाही. तिनं सहाव्या तासाची काडी उपटलीसुद्धा. मग तिला बाटली आठवली. रोग नाहीच, तर औषध कशावर? हातातली काडी तशीच घेऊन ती पाऊलवाटेनं घराकडे धावत सुटली.

घराचं दार नुसतं ओढलेलं होतं. मारोती नव्हता. गोवऱ्यांची रास विस्कटलेली होती.

"बाई! बाई वं!" ती जावेच्या दारात ओरडली.

चंदाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "काय झालं वं दीपा?"

"हे आलते का?"

"मघाच गेले. पंप घेऊन गेले. आमच्या यायनं काढून देल्ला." चंदाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिठाचे हात पदरालाच पुसले. "काहून वं? काय झालं?"

उत्तर द्यायला ती थांबली नाही. तो बंडीच्या रस्त्यानं गेला होता आणि ती पाऊलवाटेनं आली होती, म्हणून चुकामूक झाली. वावर एरवी वीस मिनिटांवर. त्या दिवशी ती किती वेळात पोचली ते तिला माहीत नाही. चप्पल वाटेत गेली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, दुपारचे चार आणि लख्ख ऊन आणि दिवा काहून नाई लावला वं.

मारोती विहिरीकडच्या तिसऱ्या तासात होता. पऱ्हाटीच्या वर त्याचं डोकं तेवढं दिसत होतं, रुमाल बांधलेलं. पंपाची घरघर चालू होती म्हणून त्याला तिच्या हाका ऐकू येत नव्हत्या. वारा त्याच्या तोंडावर होता. फवारा पुढे जाऊन मागे वळत होता आणि तो त्यातूनच चालत होता. पंपाचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. सदरा पाठीवर ओलाचिंब, ओल कमरेखाली उतरलेली.

तिनं मागून जाऊन पट्टा धरला. तो दचकला, धडपडला, आणि पंप खांद्यावरून निसटून वाफ्यावर कलंडला. भसाभसा औषध सांडलं. तिनं पंप उभा केला, मारोतीला ओढलं आणि विहिरीकडे नेलं.

"अवं सोड! काय करतं?"

"सदरा काढा. आधी सदरा काढा!"

"लोक पाह्यतीन..."

"पाह्यू द्या!" तिनं सदरा वरून फाडलाच. बनियन, धोतर, सगळं. भर दिवसा, चाळिशीच्या नवऱ्याला विहिरीच्या काठावर उघडं करून तिनं बादल्या ओतल्या. निंदायला आलेल्या हंसाबाईनं लांबूनच पाहिलं, चेष्टेसाठी तोंड उघडलं, आणि दीपमालाचा चेहरा पाहून मिटलं. मग तीच कपड्याचा साबण घेऊन धावत आली. दोघींनी त्याला घासलं. पाठ, मान, कानामागं, नखं. पुन्हा बादल्या. पुन्हा साबण. मारोती लहान मुलासारखा उभा होता, थंडीनं दातावर दात वाजत होते. थंडीनंच ना? हा प्रश्न तिच्या मनातून हलेना.

"रोग नव्हता वो," ती घासता घासता म्हणाली. "म्या केलं. पंप धुतला नाई म्या. भासऱ्यायच्या पंपात गवताचं औषध होतं. काड्या हायेत धुऱ्यावर, मोजून पाहा. माह्याच हातानं झालं."

 मारोतीच्या ओल्या केसांतून पाणी गळत होतं. तो म्हणाला, "मंग म्या कायच्यावर मारत होतो?"

हंसाबाईनं आपलं अंगावरचं दुपट्टं त्याला गुंडाळलं. बाभळीखाली त्याला बसवून दीपमाला पंपाकडे गेली. पंपात अजून अर्ध्याहून जास्त औषध होतं. ओतायचं कुठं? विहीर नको. नाल्यावर गुरं पाणी पितात. वावरात तर नाहीच. ती पंप दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि जिथं सांडलं होतं तिथं तिची नजर गेली. पाचोळ्यावर गांडुळं वर आली होती. दहा-बारा असतील. काही वळवळत होती, गाठी मारत होती, काही सरळ पडली होती. ती पाहत असतानाच आणखी एक वर आलं. तीन वर्षांत तिनं ती कधी अशी उजेडात पाहिली नव्हती. हेच सगळं मारोतीच्या पाठीवर होतं.  तिनं पंप धुऱ्यावरच्या दगडावर ठेवला, झाकण आवळलं आणि मागे न पाहता बाभळीकडे आली.

तिनं मारोतीच्या तोंडापुढे बोटं धरली. "किती बोटं?"

"तीन."

तीन होती. पण तीन तो तेव्हाही म्हणायचा.

"आता?"

"चार."

चार होती. तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या तिला बारीक वाटल्या. मग वाटलं नेहमीच्याच आहेत. नेहमीच्या कशा असतात ते तिला आठवेना.

"पोटात मळमळते का? तोंडाले पाणी सुटते का?"

"थोडकसं."

"थोडकसं काय? मळमळ का पाणी?"

"भीती वाटून राह्यली," मारोती म्हणाला. चार वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. "तवा बी वाटत होती. सांगतलं नाई."

बंडीच्या रस्त्यानं नीळकंठ येत होता. चंदाबाईनं पाठवला असणार. धापा टाकत होता. बाभळीखाली भावाला दुपट्ट्यात पाहून तो दहा पावलांवरच थबकला. मग त्याची नजर धुऱ्यावरच्या निळ्या पंपाकडे गेली.

दीपमाला उठली. पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं डोक्यावर घेतला नाही. सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पंपात काय होतं?"

एकोणीस वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. नीळकंठानं मान वळवली, जसं ती नव्हे तर आणखी कोणी बोललं असावं.

"मारोती, तिले म्हण..."

"मले सांगा. म्या इचारून राह्यली."

"धुरा मारला होता," तो म्हणाला. जमिनीकडे पाहत म्हणाला. "सांगणारच होतो बाई. तू भिंतीकडं तोंड करून उभी होती. पंप घेतला अन् वळली. म्या कोणाले सांगू? तुह्या पाठीले सांगू?"

"अन् मंगळवारी? मंगळवारी पऱ्हाटी पाह्यली तवा?"

नीळकंठानं डोक्यावरची टोपी काढली.

"तवा तुमाले समजलं होतं."

"समजलं होतं," नीळकंठ म्हणाला.

"अन् आज पंप काढून देल्ला."

 मोठा माणूस, गावात चार लोक ज्याचं ऐकतात, तो धुऱ्यावर उभा राहून टोपी हातात चुरगाळत होता. तिला त्याची कीव आली नाही. नंतर आली असेल, तेव्हा नाही आली.

"गाडी आणा," ती म्हणाली. "दवाखान्यात न्या लागते. पेट्रोल पाहून आणा. अन् औषधाची बाटली तिथं इहिरीपाशी पडली हाय, थे बी संगं घ्या. डॉक्टर इचारते."

नीळकंठ पळाला. त्याला पळताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

हंसाबाई मारोतीचे तळवे चोळत बसली होती. ढग आणखी खाली आले होते, बाभळीखाली सावट पडलं होतं. दीपमाला त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"आता अंधार वाटते का?"

"ढग हाय ना वं."

"ढगाचा नाई इचारत म्या."

त्यानं वर पाहिलं, मग वावराकडे. "पयल्या तासातल्या झाडाले बुडाशी फूट हाय," तो म्हणाला. "चांगल्या पानाची. म्या मारता मारता पाह्यली. मनात म्हटलं, औषध लागू पडलं बा इतक्यात. येडाच हाव म्या."

ते ऐकून तिचं चित्त थाऱ्यावर यावं, पण येईना. फूट त्यानं पाहिली का नुसती सांगतोय? तिला बरं वाटावं म्हणून सांगतोय? तेव्हाही अकरा दिवस तो असाच सांगत होता. लांब बंडीच्या रस्त्यावर अजून गाडीचा आवाज नव्हता. तिनं पुन्हा हात वर केला आणि त्याच्या तोंडापुढे बोटं धरली.

"किती?"

मारोतीनं बराच वेळ लावला. 

"दोन," तो म्हणाला. "अन् दोनी थरथरून राह्यले."

तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. ती थरथरत होती.